माझी हाताने रंगवलेली अद्भुतचित्रं : राखणदार, मकर आणि बाकीचे (मोकळेपणाने सांगा)

रानजाई

नमस्कार. इथे बरीच वर्षं नुसती वाचत आले, आज पहिल्यांदाच धागा काढतेय.

मी रीतसर चित्रकला शिकलेले नाही. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट दिल्या, त्यात संकल्पचित्राच्या पेपरला सगळ्यात जास्त रमायचे. पुढे नोकरी, घर, मुली. तीन वर्षांपूर्वी धाकटीच्या रंगपेटीतले उरलेले रंग हाती लागले आणि तेव्हापासून रात्री सगळं आवरलं की तास-दीड तास बसते.

माझं आजोळ वेंगुर्ल्याकडचं. मे महिन्यात अंगणात झोपायचो तेव्हा आजी सांगायची, रात्री कुत्री एकदम गप्प झाली की समजायचं, राखणदार वेशीवरून पुढे गेला. आरवलीच्या वेतोबाला लोक चपला वाहतात ते तिच्याबरोबरच पहिल्यांदा पाहिलं. तो रात्रभर गावाभोवती फिरतो, चपला झिजतात, म्हणून नव्या वाहायच्या. देवळातल्या त्या एवढाल्या चपला बघून मला भीती नव्हती वाटली. त्याच्या पायांची काळजी वाटली होती. माझी बहुतेक चित्रं तिथूनच आली असावीत.

सहा चित्रं देतेय. पहिलं 'राखणदार': घोंगडी पांघरून पाठमोरा चाललेला, हातात काठी, कौलारू घरं त्याच्या गुडघ्याएवढी. दुसरं 'वेताळाची पालखी', अमावास्येच्या रात्री माळावरून जाणारी. तिसरं 'मकरनौका': सोंड, मगरीचा जबडा आणि पानाफुलांची शेपटी असलेला मकर, आणि त्याच्या पाठीवर बसून खाडी पार करणारी माणसं. चौथं, हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावरून झेपावणारा पंखवाला नाग, मागे गोल इंद्रधनुष्य. पाचवं पंखवालं शेकरू. सहावं, वडाच्या पारंब्यांना टांगलेलं गाव.

सामान साधंच आहे. ए-फोर आकाराची २०० जीएसएमची (म्हणजे मध्यम जाड कागदाची) वही, ०.३ चं वॉटरप्रूफ काळं पेन, कॅमलचे ट्यूबमधले जलरंग, सहा नंबरचा गोल ब्रश, शेवटी पांढरं जेल पेन. संगणकावर काहीही केलेलं नाही.

घरचे "छान आहे" म्हणतात आणि ते मनापासून म्हणतात. पण माझं कुठे अडतंय ते मला कळत नाहीये. पालखीचं चित्र तीनदा काढलं, तिन्ही वेळा काहीतरी खोटं वाटलं. जाणकारांनी कृपया सांगा.

ओसरी

बाप रे, कसली सुंदर आहेत! पारंब्यांचं गाव मोठं करून पाहिलं. एका पारंबीला कपडे वाळत घातलेत आणि त्यातला एक परकर वाऱ्याने पारंबीलाच गुंडाळला गेलाय. फार आवडलं. चित्रातलं मला कळत नाही, त्यामुळे बाकीचे काय म्हणतात ते वाचायला बसले आहे.

तांबडमाती

रानजाई, राखणदार बघून अंगार काटो इलो. आमच्याकडेही हेच सांगतात. कुत्री गप्प होतात, आणि काठीला बांधलेल्या घुंगरांचा आवाज येतो. तुझ्या चित्रात काठी आहे, घुंगरं नाहीत. घालशील का?

आणि एक विनंती. त्याचा चेहरा दाखवणारं पण एक चित्र काढ ना.

कुंचला

मी अठ्ठावीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, आता निवृत्त आहे. तुम्ही मोकळेपणाने सांगा म्हणालात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तुमची रेघ. घोंगडीची कड खाली पायांशी जाड आहे आणि खांद्याकडे जाता जाता जवळजवळ नाहीशी होते. एकाच जाडीच्या पेनाने हे करायचं तर रेघेवर रेघ घालत बसावं लागतं, आणि तुम्ही बसला आहात. या रेघेमुळेच तो चालताना दिसतो. वजन कुठल्या पायावर आहे ते पाठमोऱ्या आकृतीतही कळतं. हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षं सांगत आलो आणि फार थोड्यांच्या हाती उतरलेलं पाहिलं.

आता पालखी. ती खोटी का वाटते ते सांगतो. अमावास्येची रात्र आहे, म्हणजे या चित्रात उजेड फक्त मशालींचा. चार मशाली आहेत. तरी पालखी वाहणाऱ्यांचे चेहरे सगळीकडून सारखेच उजळलेले आहेत, दुपारी बारा वाजता उन्हात उभे असल्यासारखे. मशालीकडचा गाल पिवळा-नारिंगी हवा, दुसरा गाल अंधारात विरघळलेला हवा. जी मशाल कमरेच्या उंचीवर धरली आहे तिचा उजेड हनुवटीखालून वर जाईल, डोळ्यांच्या वरच्या हाडाची सावली कपाळावर पडेल. भुतांच्या मिरवणुकीला याहून चांगली गोष्ट नाही, आणि ती तुम्हाला फुकट मिळते आहे. मशाल जिथे आहे तिथून सावल्या बाहेर पसरतील, जितक्या दूर तितक्या लांब.

ज्योतीचाही रंग उलटा झालाय. तुम्ही मध्ये नारिंगी आणि कडेला पिवळा दिलाय. निरांजन लावून बघा. सगळ्यात तेजस्वी भाग आत असतो. म्हणून मध्ये कोरा कागद, मग फिका पिवळा, कडेला नारिंगी. पारदर्शक जलरंगात कागदाचं पांढरं हेच आपलं पांढरं, ते आधीपासून राखावं लागतं. नंतर जेल पेनने आणलेलं पांढरं वरून चिकटवल्यासारखं दिसतं. शेकरूच्या मिशांना ते चाललंय, ज्योतीला चालत नाही.

आणि आकाशाला ट्यूबमधला काळा लावू नका. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळा जास्त घेतलात तर थंड रात्र होते, तपकिरी जास्त घेतलात तर उबदार. मशालीपासून दूर निळीकडे, मशालीजवळ तपकिरीकडे सरका. एकाच आकाशात दोन्ही येतील.

आर्थर रॅकहॅम (१८६७–१९३९) या इंग्रज चित्रकाराची झाडं आणि वनदेवता कुठे मिळाल्या तर जरूर बघा. आधी शाईची रेघ, तिच्यावर पातळ पारदर्शक रंगांचे एकावर एक थर, आणि प्रत्येक थर पूर्ण वाळल्यावरच पुढचा. तुमचा हात त्या वाटेवर आहे.

गडवाट

चौथ्या चित्राबद्दल लिहितो, कारण कोकणकड्यावर बरेच वेळा गेलोय.

कडा अप्रतिम आलाय. आतल्या बाजूला खोबण गेल्यासारखी ती वाटी, तिच्यातून वर येणारं धुकं. कड्याच्या ओठावर पालथं झोपून खाली बघितल्याशिवाय असा कडा काढता येत नाही. तुम्ही गेला असणार.

पण ते गोल इंद्रधनुष्य, म्हणजे इंद्रवज्र, चुकलंय. इंद्रवज्र दिसायला सूर्य बघणाऱ्याच्या पाठीशी हवा आणि धुकं समोर खाली हवं. कडा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सूर्य पाठीशी यायचा तर सकाळची वेळ. तुमच्या चित्रात सूर्य समोर, वरच्या कोपऱ्यात आहे. तिथे सूर्य असेल तर इंद्रवज्र दिसणारच नाही. रंगांचा क्रमही उलटा झालाय, लाल बाहेर आणि निळा आत हवा.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्या वर्तुळाच्या मध्यभागी बघणाऱ्याची स्वतःची सावली असते. दहा जण शेजारी शेजारी उभे असले तरी प्रत्येकाला वर्तुळाच्या मध्ये आपलंच डोकं दिसतं. तुम्ही मध्ये नाग काढलाय.

म्हणून एक कल्पना सुचवतो, पटली तर बघा. नाग काढूच नका. फक्त धुक्यावर त्याची पंख पसरलेली सावली, भोवती इंद्रवज्र, आणि त्या सावलीच्या मानेवर एक छोटी माणसाची सावली, तिचं डोकं बरोबर वर्तुळाच्या मध्यावर. म्हणजे चित्र बघणारा स्वतःच नागावर बसलाय.

ओसरी

गडवाट, ही कल्पना वाचूनच पोटात गोळा आला. रानजाई, हे काढाच.

परसदार

मी पक्षी बघणारा माणूस, त्यामुळे माझी नजर पंखांवर जाते.

नागाचे पंख पाठीवर चिकटवल्यासारखे वाटतात, कारण त्यांच्याखाली काही नाही. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा हातच. तो हलवणारे स्नायू छातीच्या हाडाला धरलेले असतात, आणि ते हाड होडीच्या कण्यासारखं पुढे आलेलं असतं. म्हणून उडणाऱ्या पक्ष्याची छाती भरलेली दिसते. तुमचा नाग पंखांपाशीही शेपटीइतकाच बारीक आहे. तिथे त्याला थोडी छाती द्या, दोन-चार बरगड्यांचा उभार द्या. मग तो उडेल.

तुम्ही कातडी पंख दिलेत, म्हणजे वटवाघळाचे. वटवाघळाच्या पंखातल्या काड्या ही त्याची लांबलेली बोटं असतात. ती सगळी मनगटापाशी एकत्र येतात, आणि अंगठा वर मोकळा, नखासकट. तुमच्या चित्रात काड्या छत्रीसारख्या एकमेकींना समांतर आहेत. गावात वटवाघळांचं झाड असेलच, संध्याकाळी ती निघायच्या वेळेला दुर्बीण घेऊन बसा. एक आठवडा नुसती बघा.

शेकरूबद्दल मात्र काही म्हणायचं नाही. ते शेकरूच आहे. कानांवरचे केस, पोटाचा फिका रंग, तोल सावरायला मागे लांब सोडलेली शेपटी. जे प्राणी तुम्ही डोळ्यांनी पाहिलेत त्यांना पंख लावले तरी ते खरे वाटतात. जे पाहिले नाहीत त्यांच्यासाठी जवळचा नातेवाईक शोधून बघत बसावं लागतं, एवढंच.

मोरपीस

सगळ्यांचं वाचलं. कुंचला सरांबद्दल पूर्ण आदर ठेवून मला वेगळं म्हणायचं आहे.

रानजाई ज्या भागातून ही चित्रं आणते आहे, त्याच भागात कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी आहे. सुटी पानं, एकेक पान पुढे धरून गाऊन सांगायची कथा. त्या चित्रांत कुठून उजेड येतो? कुठूनच नाही. सावली नाही, लांबचं लहान आणि जवळचं मोठं हा हिशेब नाही. चेहरा बाजूने, डोळा मोठा, आणि मोकळ्या जागेत नक्षी. तरी राक्षस राक्षस वाटतो. ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. पुण्यात राजा दिनकर केळकर संग्रहालयात अशी जुनी चित्रं आहेत, मी त्यांच्यासमोर खूप वेळ उभी राहिले आहे.

पुढे सावंतवाडीची गंजिफा, म्हणजे खेळायचे गोल पत्ते घ्या. दशावतारी गंजिफेत १२० पानं, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. तळहातात मावणाऱ्या गोल पानावर मत्स्य, वराह, नरसिंह, सगळे हाताने रंगवलेले. अर्धा मासा आणि अर्धा देव त्या इवल्या गोलात कसे जोडलेत ते बघा. सपाट रंग, त्यावर बारीक रेघ, संपलं.

मग रानजाईने उजेडाचा तो एकच नियम का पाळायचा? राखणदाराचं चित्र मला सगळ्यात जास्त आवडलं ते ते सपाट आहे म्हणून. घरांची कौलं एका रंगात, घोंगडी एका रंगात, आकाश एका रंगात. त्यात सावल्या घातल्या तर त्याचं आजीच्या गोष्टीतलं असणं जाईल अशी भीती वाटते.

कुंचला

मोरपीस, तुमचं म्हणणं मला मान्य आहे, आणि बरं झालं तुम्ही ते मांडलंत. चित्रकथीतल्या माणसाला सावली लागत नाही, कारण त्या पानात कुणालाच सावली नसते. तिथला नियम पहिल्या रेघेपासून शेवटपर्यंत एकच आहे.

पालखीचं चित्र पुन्हा उघडून बघा. पालखीच्या छताला गोलाई आणण्यासाठी एका बाजूला गडद रंग दिलाय. पालखीची सावली जमिनीवर डावीकडे पडली आहे. पण माणसांना सावली नाही आणि त्यांचे चेहरे सपाट आहेत. म्हणजे पालखी एका जगात आणि ती वाहणारी माणसं दुसऱ्या जगात. रानजाई म्हणतात की तीनदा काढलं आणि तिन्ही वेळा खोटं वाटलं, त्याचं कारण मला इथे दिसतं. सगळं सपाट केलं तरी चालेल. मग ज्योतही नक्षीसारखी काढावी, पाकळ्या पाकळ्यांची.

राखणदाराला हात लावू नये, या बाबतीत मी तुमच्याच बाजूचा.

मोरपीस

पालखीची ती डावीकडची सावली माझ्या लक्षातच आली नव्हती. आता दिसल्यावर ती दिसतच राहते. बरोबर आहे तुमचं.

निळाशार

मकरनौकेवर कुणीच लिहिलं नाही, म्हणून मी लिहिते. देवळांवर अभिषेकाचं पाणी बाहेर पडतं त्या मकरमुखांचे फोटो गोळा करण्याचा मला नाद आहे. सोंड वर वळलेली, जबडा उघडा, आणि शेपटीची वेलबुट्टी होत जाते, हे तुम्ही नेमकं पकडलंय. गंगेचं वाहन म्हणून पाठीवर माणसं घेणंही त्याला शोभून दिसतं. शेपटीच्या वेलीत शेवटी खरी पानं फुटली आहेत आणि त्यावर एक खंड्या बसलाय, तिथे मी कितीतरी वेळ थांबले.

अडचण पाण्याची आहे. मकर पाण्यावर ठेवल्यासारखा दिसतो, फरशीवर ठेवावा तसा. एवढं मोठं जनावर, पाठीवर सात माणसं, त्याचं निम्मं अंग बुडायला हवं. जिथे अंग पाण्याला लागतं तिथे पाणी थोडं चढतं, एक गडद बारीक रेघ आणि तिला लागून उजळ रेघ दिसते. प्रतिबिंब सरळ खाली घ्या, तिरकं नको. आणि प्रतिबिंबात उजळ गोष्टी थोड्या गडद होतात, गडद गोष्टी थोड्या फिक्या.

खाडीचा रंगही बघा. तुम्ही निळा भडक दिलाय. तिवरांमधली आपली खाडी हिरवट-मातकट असते, ढगाळ दिवशी तर पितळेच्या भांड्यासारखी. ज्या निळीत मकर हरवतो, त्याऐवजी हा रंग दिलात तर त्याचा लालसर जबडा उठून येईल.

आता थोडं कागदाविषयी. २०० जीएसएमचा वहीचा कागद दोन-तीन पाणीदार थरांनंतर फुगतो, मग खळग्यात रंग साचतो. पारंब्यांच्या चित्रात वर उजवीकडे फुलकोबीसारखे डाग आलेत, ते अर्धवट ओल्या थरावर जास्त पाणी पडल्यामुळे. आपल्याकडे पावसाळ्यात कागद वाळलाय असं वाटतं पण वाळलेला नसतो. पालथा हात कागदाला लावून बघा. गार लागला तर अजून ओला आहे, थांबा. ३०० जीएसएमचा सुती कागद महाग असतो हे खरं, पण २२ बाय ३० इंचाचा एक ताव घेऊन त्याचे चार तुकडे केले तर परवडतो. फळीवर चारी बाजूंनी चिकटपट्टी लावून घ्या आणि पूर्ण वाळेपर्यंत काढू नका.

एक कळकळीची सूचना. नागाचा गुलाबी-किरमिजी रंग जर अलिझरिन क्रिमसन असेल तर ते चित्र उजेडात टांगू नका, तो रंग उडतो. माझं एक चित्र असं दोन वर्षांत फिकं पडलंय. ज्या रंगाची शंका असेल त्याची पट्टी रंगवा, अर्धी काळ्या कागदाने झाका आणि ऊन येणाऱ्या खिडकीला लावून ठेवा. दोन-तीन महिन्यांत कळतं.

दूरदेशी

आम्ही डब्लिनला असतो. मुलगा सात वर्षांचा, मराठी बोलतो, वाचायला अजून अडखळतो. त्याला चित्रं दाखवली आणि वेतोबाच्या चपलांची गोष्ट सांगितली. बराच वेळ राखणदाराकडे बघत राहिला आणि विचारलं, "त्याच्या एवढ्या मोठ्या चपला शिवतं कोण?"

मला उत्तर देता आलं नाही. तुम्हाला विचारून सांगते म्हटलंय.

रानजाई

काल रात्री सगळं एकदम वाचलं, आज पुन्हा वाचलं, आणि वहीच्या मागच्या पानावर उतरवून घेतलं. इतक्या बारकाईने कुणी माझी चित्रं पाहतील असं खरंच वाटलं नव्हतं. मागे एकदा गावातल्या एका छोट्या प्रदर्शनात चार चित्रं ठेवली होती. एक गृहस्थ आले, एक मिनिट बघितलं आणि "कुठून उतरवलीत?" एवढंच विचारून गेले. ते वाक्य बरेच दिवस मनात होतं. आज ते गेलं.

कुंचला सर, पालखीत दोन जगं झालीत हे वाचलं आणि एकदम डोळे उघडले. तिन्ही वेळा मी चेहरे बदलत होते. मी पालखी उजेडातच करणार आहे, कारण हनुवटीखालून येणारा उजेड डोक्यातून जात नाहीये. काल धाकटीला अंधारात बसवलं, समोर खाली समई ठेवली आणि चेहरा बघत बसले. भुवयांच्या सावल्या खरोखर कपाळावर चढतात. ती म्हणाली, आई, मला भीती वाटतेय तुझ्या बघण्याची.

मोरपीस, राखणदार आहे तसाच राहील. पिंगुळी आजोळाहून इतकी जवळ असून मी कधी गेले नाही याचं वाईट वाटलं. या दिवाळीत जाणार.

गडवाट, हो, कड्यावर गेले होते, लग्नाआधी. पालथं झोपून पाहिलं होतं. इंद्रवज्र मात्र दिसलं नव्हतं, ऐकीव माहितीवर काढलं, आणि ते लगेच पकडलंत. सावलीची कल्पना मी घेतेय. तुमच्या परवानगीने.

परसदार, घराजवळ वटवाघळांचं झाड आहे. बसणार. निळाशार, किरमिजी रंग अलिझरिनच आहे, चित्र भिंतीवरून काढून कपाटात ठेवलं.

तांबडमाती, घुंगरं घालते. चेहरा मात्र काढणार नाही. आजी म्हणायची, तो गेला की त्याच्या पाठीला हात जोडायचे, तोंड बघायला पुढे धावायचं नाही. तिच्या शब्दाबाहेर जाऊन तो चेहरा मला काढता यायचा नाही.

तांबडमाती

बरोबर बोललीस. माझी विनंती मागे.

गडवाट

परवानगी कसली, काढा. एक लक्षात ठेवा, धुकं जितकं जवळ तितकी सावली मोठी आणि ठळक. खोल दरीतल्या धुक्यावर ती अस्पष्ट होत जाते. पंखांची टोकं विरू द्या.

रानजाई (पाच आठवड्यांनी)

धागा वर काढतेय. तीन चित्रं देतेय.

एक, पालखी, पुन्हा पहिल्यापासून. सुती कागदाच्या पाव तावावर. आकाश निळ्या आणि बर्न्ट सिएनाचं, पाच थर. ज्योतींचा कागद कोरा राखलाय. दोन, इंद्रवज्र, फक्त सावली. हे अजून पूर्ण जमलेलं नाही, लाल आणि पिवळ्याच्या मध्ये मातकट पट्टा आलाय. तीन नंबरचं चित्र डब्लिनच्या दोस्तासाठी आहे. 'चपला शिवणारा'.

कुंचला

पालखी बघून मी खुर्चीतून उठलो. मागून तिसरा जो भोई आहे, त्याचा फक्त एक गाल आणि कानाची पाळी दिसते, बाकी सगळा अंधारात. तुम्ही त्याला काढलंच नाहीत आणि तो पूर्ण दिसतो. डावीकडच्या मशालीच्या सावल्या अजून थोड्या आखूड आहेत, उजवीकडच्या बरोबर आहेत. बाकी मला काही सांगायचं नाही.

इंद्रवज्राच्या मातकट पट्ट्याबद्दल. लाल आणि पिवळा ओल्यात एकमेकांत सोडताना ब्रश धुतला नव्हता असं वाटतं, निळ्याचा अंश राहिलाय. पाण्याची दोन भांडी ठेवा. एकात धुवायचं, दुसरं स्वच्छच ठेवायचं.

परसदार

सावलीतही मनगट दिसतंय, आणि मोकळा अंगठा. बसला होतात झाडाखाली!

रानजाई

अकरा संध्याकाळी.

मोरपीस

मला 'चपला शिवणारा' फार आवडलंय आणि कसं सांगू कळत नाही. दुकानाच्या छपराखाली म्हातारा बसलाय, समोर होडीएवढी चप्पल, आणि तो तिच्या आतच बसून अंगठा शिवतोय. आरी, दोरा, मेणाचा गोळा, पाण्याच्या घमेल्यात भिजत घातलेलं चामडं, सगळं आहे. बाहेर पहाट होतेय. हे चित्र सपाटही आहे आणि त्यात उजेडही आहे. उजेड फक्त दोऱ्यावर आहे, एक पिवळी रेघ. हा नियम तुझा तू तयार केलास.

तांबडमाती

मी त्या चित्रात दुसरंच बघत बसलोय. म्हाताऱ्याच्या मागे भिंतीला जुन्या चपला टेकवून ठेवल्या आहेत, बदलायला आलेल्या. दोन्ही टाचा बाहेरच्या बाजूने झिजल्यात, डावी उजवीपेक्षा जास्त. मुद्दाम केलंस?

रानजाई

हो. माझ्या बाबांच्या चपला तशाच झिजायच्या. ते एसटीत कंडक्टर होते, दिवसभर डाव्या पायावर भार देऊन उभे. कुणाच्या लक्षात येईल असं वाटलं नव्हतं.

दूरदेशी

मुलाला दाखवलं. चपलेत बसलेल्या आजोबांना त्याने हात केला. मग म्हणाला, "रात्री त्यांच्या दुकानाची राखण कोण करतं?" आणि मी काही बोलायच्या आत स्वतःच म्हणाला, "अच्छा, तोच."